परचुरे साहेबांच्या वाट्या

आजवर कोणाला न सांगितलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच माघार घेता येणार नाही. प्रभाकर परचुरे नावाच्या माणसाशी मी ओळीने बरीच वर्षं खोटं बोललो. हा माणूस आमच्या कंपनीत इन्स्पेक्टर होता. दुसऱ्याच्या कामातली खोट हुडकून काढायची, याचाच त्यांना पगार मिळे. ओतीव लोखंडाच्या पोटात बुडबुडा राहिला असेल तर तो त्यांना बाहेरून नुसतं वाजवून कळायचा. माझं खोटं मात्र त्यांनी दर वर्षी पास केलं.

पण त्याआधी परचुरे साहेब तुम्हाला दिसायला हवेत, आणि त्यासाठी त्यांना केक तपासताना पाहायला हवं.

मुठीत मावेल एवढा, काळपट तपकिरी, मसाल्याचा वास सुटलेला केक. साहेब तो डाव्या तळहातावर घेत, कानाजवळ नेत आणि मधल्या बोटाने त्याच्या पाठीवर टकटक करत. ऐकत. मग खिशातून व्हर्निअर काढत, म्हणजे ज्या सरकत्या चिमट्याने आम्ही व्हॉल्व्ह मोजायचो तो. केकचा व्यास दोन्हीकडून मोजत, उंची मोजत आणि निकाल देत, "टॉलरन्समध्ये आहे." म्हणजे चालण्याजोगा आहे. नसला तर, "रिजेक्ट." जगातल्या सगळ्या गोष्टींसाठी त्यांच्याकडे एवढेच दोन निकाल होते. कॅन्टीनचा बटाटेवडा, नवा जनरल मॅनेजर, बँडवाल्याची सनई, सगळं त्यातच बसवायचं. मी खरेदी खात्यात लागलो तेव्हा माझा अर्ज पाहून ते म्हणाले होते, "देसले, तुमचं अक्षर टॉलरन्समध्ये आहे." कंपनीत याला बढतीसारखा मान होता. माझ्या लग्नाच्या बोलणीत आमच्या मामाने ही गोष्ट मुलीकडच्यांना आवर्जून सांगितली.

आमची कंपनी अंबरनाथ एमआयडीसीत. मी बेलवलीचा, शेती विकत विकत नोकरीला लागलेल्या घरातला. साहेब अंबरनाथ पूर्वेला दोन खोल्यांत राहायचे. त्यांनी केक करायला घेतले ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. पत्नी जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि एकुलती एक मुलगी वृंदा घर सोडून गेली त्याला वर्ष होत आलं होतं. तिने उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या मोहन नावाच्या सिंधी मुलाशी रजिस्टर लग्न केलं. लग्नाआधी मुलाला घरी आणलं तेव्हा साहेबांनी त्याला बुटापासून केसांपर्यंत पाहिलं आणि तो खुर्चीत टेकायच्या आत निकाल देऊन टाकला. कुठला, ते सांगायला नको. चहा तसाच राहिला आणि दोघं उठून गेली.

पुढच्या गणपतीत साहेबांनी बायकोची लोणच्याची बरणी खळखळून धुतली आणि तिच्यात बेदाणे, खजूर, संत्र्याची साल असं रममध्ये भिजत घातलं. जन्मात सुपारी न खाल्लेला माणूस. दारूच्या दुकानात जायचं म्हणून मला सोबत नेलं आणि भर उन्हात मफलर गुंडाळला. पण काउंटरवर बाटली हातात येताच मफलर विसरले. बाटली उजेडाकडे धरून म्हणाले, "यात काहीतरी तरंगतंय. दुसऱ्या लॉटमधली द्या." दुकानदाराने चार बाटल्या दाखवल्या. मागे उभी असलेली मंडळी आधी वैतागली, मग आपापल्या बाटल्या साहेबांपुढे धरू लागली. "साहेब, ही बघा ना जरा." साहेबांनी सगळ्यांच्या तपासून दिल्या. एक रिजेक्ट झाली.

सुकामेवा उल्हासनगरच्या बाजारातून. तिथे चेरी म्हणून जे विकतात ते साखरेच्या पाकात लाल केलेलं करवंद असतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पकडलं. "हे करवंद आहे," ते दुकानदाराला म्हणाले. दुकानदार शांत. "साईं, आप चेरी समझके खाओ, चेरी लगेगा." साहेबांनी खूप विचार करून पर्यायी मटेरियल म्हणून त्याला मान्यता दिली. पण चेरी शब्द कधी उच्चारला नाही. कोणाला केक देताना सांगायचे, "वर करवंद आहे, जपून."

अंडी ते मायक्रोमीटरच्या मखमली डब्यातून दोन-दोन करून घरी नेत, कारण त्यांच्या बिल्डिंगमध्ये अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. केकला काळा रंग यावा म्हणून साखर जाळावी लागते. पहिल्या वर्षी त्यांनी ती इतकी इमानाने जाळली की खालच्या मजल्यावरच्यांनी वायर जळतेय म्हणून मेन स्विच काढला. अख्खी बिल्डिंग जिन्यात उतरली. साहेबही उतरले, हातात कढई घेऊन, आणि कुठे काय जळतंय ते सगळ्यांबरोबर शोधू लागले. 

भाजायला मात्र स्टेशनजवळच्या रहीमचाचांच्या बेकरीत. पाव निघाले की भट्टीत जी धग उरते तीवर लोक तेव्हा आपापली नानकटाई भाजून आणायचे, त्यात साहेब आपले केक लावत आणि भट्टीच्या तोंडाशी स्टूल टाकून बसत. दर थोड्या वेळाने, "चाचा, टेम्परेचर?" चाचा भट्टीत हात घालून काढायचे. "साहब, हाथ जल रहा है, पर बाल नहीं जल रहे. इतना टेम्परेचर है." साहेब हे मान्य करायचे, पण दुःखाने.

नाताळात केक वाटतात म्हणून कंपनीत कोणी विचारलंच, "साहेब, बाटलात की काय?" तर उत्तर ठरलेलं, "डिसेंबरात हवामान स्थिर असतं."

आता वाट्यांचं सांगायला हवं, कारण माझं सगळं पाप त्या वाट्यांतच आहे. केकसाठी साच्यांची गरज होती. साहेबांनी आमच्या फिटरकडून ॲल्युमिनियमच्या भंगार पत्र्याच्या वाट्या ठोकून घेतल्या. कंपनीचा माल गेटबाहेर न्यायचा तर पास लागतो. साहेबांनी रीतसर पास केला, 'नमुना वाट्या, परत करण्याच्या.' केक वाटीसकट द्यायचा आणि वाटी आठवड्यात परत आलीच पाहिजे, कारण ती कंपनीची. पण आपल्याकडे घरात भरून आलेलं भांडं कोणी रिकामं परत करत नाही. त्यामुळे जानेवारीत साहेबांच्या टेबलावर वाट्यांची रांग लागायची. कुणाचा तिळगूळ, कुणाचा चिवडा, कुणाचे आवळे. आमच्या घरी पहिली वाटी आली तेव्हा आईने केक उलटासुलटा केला. "ह्यो तं जल्लाय रं." पण वाटी परत देताना तिने तीत परसातले वाल भरले. साहेबांनी वाल मोजून पाहिले आणि पास केले.

पहिल्याच वर्षी, सगळ्या वाट्या वाटून झाल्यावर, साहेबांनी मला बाजूला घेतलं. टेबलाच्या खणातून आणखी एक काढली.

"तुम्ही पॅकिंगच्या खोक्यांसाठी उल्हासनगरला जाताच," ते म्हणाले. "ही कॅम्प चारमध्ये द्या. सगळ्यांना दिले, तिला नको असं कशाला." मग बराच वेळ व्हर्निअर उघडत-मिटत राहिले. "तिचाच केक आहे तो. शाळेत असताना डिसोझाबाईंकडून शिकली होती. दर नाताळात करायची. मी दर वेळी..." व्हर्निअर खिशात घातला. नंतर म्हणाले, "वर भेग पडायची."

तेव्हा मला कळलं की हे सगळं वाटप एका वाटीसाठी होतं.

मी गेलो. वृंदानेच दार उघडलं. कडेवर लहान बाळ. वाटी हातात घेतली, कागद उकलला. "कोणी केला?" "साहेबांनी." तिने केक कानाजवळ नेला आणि बोटाने टकटक केलं. आपण काय करतोय हे तिच्या लक्षातही आलं नसावं. मग कागद नीट मिटून वाटी माझ्या हातात परत दिली.

"देसलेभाऊ, हा परत न्या. बाबांना म्हणावं, वाटी पाठवू नका, स्वतः या. याल त्या दिवशी मी इथे करून खायला घालीन. नातवाला बघा. पण न येता पाठवलेलं मला नको."

मी निघालो तर तिच्या सासूने अडवलं. "भाई, ऐसे कैसे जाओगे, पापड-पानी तो लो." घरी आलेल्याला भाजलेला पापड आणि पाणी, ही त्यांची रीत. निघताना कच्च्या पापडांचं पुडकंही हातात कोंबलं. "समधीजी को देना."

विठ्ठलवाडी स्टेशनबाहेरच्या बाकावर बसून मी निरोप मनात घोकला आणि केक खाऊन टाकला. परत नेणं मला जमणार नव्हतं. लवंगेने जीभ बधिर झाली.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये साहेब समोर येऊन बसले आणि व्हर्निअरने चहाचा ग्लास मोजू लागले. ग्लास मोजण्यासारखा नव्हता, शिवाय गरम होता.

"घेतला?"

मी कमी बोलणारा माणूस. कमी बोलणाऱ्याचं खोटंही एका शब्दाचं असतं आणि त्यावर कोणी शंका घेत नाही. "घेतला," मी म्हणालो.

"काय म्हणाली?"

"आवडला."

साहेबांचा चेहरा पडला. "नुसता आवडला? खोट नाही काढली? देसले, माझी मुलगी आहे ती. खोट काढली नाही म्हणजे खाल्लाच नाही."

"लवंग जास्त झाली म्हणाली."

साहेबांनी व्हर्निअर मिटला. "बरोबर. मलाही तीच शंका होती." त्या दिवशी त्यांनी दोन बटाटेवडे खाल्ले आणि दोन्ही पास केले. मग मी वाटी दिली, आणि वाटीत मावत नव्हतं म्हणून पापडांचं पुडकं वेगळं दिलं. तेवढं खरं होतं. निरोप उद्या सांगू, असं ठरवलं. माणूस एवढा खुशीत असताना कशाला.

तो उद्या आला नाही. पुढच्या डिसेंबरात साहेबांनी पुन्हा जास्तीची वाटी काढली तेव्हा कॅम्प चारला जायची माझी छाती झाली नाही. ती पहिल्यांदा काय विचारील ते मला ठाऊक होतं. मी त्याच बाकावर बसलो, केक खाल्ला, बाजारातून सिंधी पापड विकत घेतले आणि वाटी भरून परत दिली. मग दर वर्षी तसंच.

खोट काढावीच लागायची. ती मात्र मी प्रामाणिकपणे काढत असे. माझ्या पापातला तेवढाच भाग स्वच्छ होता. खाऊन, विचार करून सांगायचो. "दालचिनीची पूड जाडी राहिली म्हणाली." साहेब पूड चाळून घेऊ लागले. "खाली जरा करपलाय म्हणाली." साहेबांनी चाचांकडून भट्टीतली जागा बदलून घेतली. "आपकी लडकी है कि इन्कम टॅक्स?" चाचा विचारायचे. साहेब खूश. "माझ्यावर गेली आहे."

पापडांनी तर त्यांच्यात क्रांती केली. आधी ते डब्यात नुसते ठेवून द्यायचे. मग एक भाजून पाहिला. मग कंपनीत आणू लागले. "वाटी परत आली," एवढंच सांगून सगळ्यांना वाटायचे. एकदा पापडाच्या कडेला व्हर्निअर लावला, फिरवून फिरवून मोजलं आणि म्हणाले, "जाडी चहूकडे सारखी. देसले, जावयाच्या घरात क्वालिटी कंट्रोल आहे." जावई हा शब्द त्यांनी पहिल्यांदा तेव्हा उच्चारला, तोही मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या पापडाच्या जोरावर. मी एका वर्षी शेवेची बर्फी आणली तर त्यांनी तीही पास केली. सुकामेव्याच्या सिंधी दुकानदाराला ते उलट "साईं" म्हणू लागले. तो इतका गडबडला की त्याने भाव कमी केला.

मला वाटे, माणूस सुखी आहे. मुलगी खातेय, बोलतेय, चुका काढतेय. मी कोणाचं काय वाईट करतोय? निरोप सांगायचा म्हणजे आता एवढी सगळी वर्षं उलगडावी लागणार होती. दर वर्षी उलगडायला एक वर्ष जास्त.

साहेब निवृत्त झाले. तरी गणपती गेले की बरणी निघायची. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या डिसेंबरात मी बाकावर बसून कागद उकलला आणि पाहतच राहिलो. वर भेग नव्हती. लवंग नुसती मागे उभी असल्यासारखी. खाली करपलेलं नाही. मी तो सावकाश खाल्ला. खोट सापडली नाही.

आता काय सांगायचं? खोट नाही म्हटलं तर साहेब म्हणणार, खाल्लाच नाही. मी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "जायफळ किंचित जास्त झालं म्हणाली."

"किंचित म्हणजे?"

मी करंगळीचं नख दाखवलं. साहेब हसले. त्यांना हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलंय. "एवढंच ना. मग पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी दिवाळी झाली आणि साहेब गेले. भाजी आणायला निघाले होते, जिन्यातच बसले. केक झाले नाहीत.

वृंदा आली. मोहन होता, मुलगा चांगला मोठा झालेला. माणसांच्या गर्दीत ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली. आवाज खाली आणून म्हणाली, "देसलेभाऊ, माझा निरोप दिला होतात ना बाबांना?"

समोर साहेबांना आंघोळ घालत होते. मी म्हणालो, "दिला होता."

"बरं," ती म्हणाली. "मग नसेल यायचं त्यांना." आणि आत गेली.

काही दिवसांनी मी रहीमचाचांना सांगायला बेकरीत गेलो. चाचा परातीवर हात टेकून खाली बसले. मग म्हणाले, "इस साल तो जाने वाले थे वो. बेटी के घर."

"कोण म्हणालं?"

"खुद बोले. हर साल बोलते थे. चाचा, जिस साल बेटी कोई खोट नहीं निकालेगी, उस साल केक खुद लेके जाऊँगा. मैंने उसके इतने केक फेल किए, पास हुए बिना किस मुँह से जाऊँ." चाचांनी बोटाने परातीतलं पीठ सारखं केलं. "पिछले साल बहुत खुश थे. बोले, बस जायफल बचा है."

मी बेकरीतून बाहेर आलो आणि रिक्षा स्टँडपर्यंत चालत गेलो. रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारलं तर मी बेलवली म्हणालो.

त्यालाही आता काही वर्षं झाली. माझे केस पिकले, मुलीसाठी स्थळं पाहतोय. वृंदा कॅम्प चारमध्येच राहते. कधीमधी बाजारात लांबून दिसते, मी गल्ली बदलतो. तिला वाटतं, आपण बोलावलं आणि बाबा आले नाहीत. ते हट्टी होते, त्यामुळे तिला ते सहज खरं वाटतं.

ते खरं नाही. बोलावणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, ते माझ्यापाशी राहिलं. आणि ते जायला निघालेच होते, त्यांना मी अडवलं. एवढं मी वृंदाला सांगणं लागतो. हे इथे लिहिलं म्हणून ते फिटत नाही. तिच्या दारात उभं राहून, तिच्याकडे बघून सांगायचं आहे. अजून गेलेलो नाही.